कुत्र्याची भाकरी

गावाचा इतिहास लिहिणारे देवळं लिहितात, पाटलाचे वाडे लिहितात, दुष्काळ आणि तंटे लिहितात. दारातल्या कुत्र्याला त्या काळी काय खायला मिळत होतं, हे कुणी लिहीत नाही. खरं तर घरात काय शिजत होतं हे कळायला त्याच्यासारखी दुसरी खूण नाही. चुलीवर जे उरतं तेच कुत्र्याच्या भांड्यात पडतं. धान्य बदललं की त्याचं भांडं बदलतं, आणि भांडं बदललं की त्याचं पोट बदलतं.

मी दहावीपर्यंत शिकलो आणि जन्मभर शेती केली. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात आमचं रान. दावणीला जनावर नाही आणि दारात कुत्रं नाही असं एकही साल आमच्या घरानं काढलेलं नाही. त्यामुळं साठ वर्षांतला कुत्र्याच्या खाण्याचा हिशेब मला तोंडपाठ आहे. माझ्या लहानपणी कुत्री रोगानं मरत, पिसाळून मरत, गाडीखाली मरत. पण महिनोन् महिने पातळ हगणारं, खाऊनही झिजत जाणारं कुत्रं क्वचित दिसायचं. आता आळीत चार कुत्री असली तर त्यातल्या एकाचं पोट हमखास बिघडलेलं असतं. हे कशानं झालं आणि त्यावर काय करता येतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

आमच्याच नदीकाठी इनामगाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. घरं, रांजण, धान्य साठवायची बळदं, पाण्याचा पाट, असं बरंच काही सापडलं. जव हे त्यांचं मुख्य धान्य. मातीत जनावरांची हाडंही निघाली. गाई-बैलांची, शेळ्या-मेंढ्यांची, आणि कुत्र्याचीही. म्हणजे या काठावर पहिली चूल पेटली तेव्हाही तिच्यापासून चार हातांवर कुत्रं बसलेलं होतं. त्या चुलीवर शिकारीचं मांस कधीमधी शिजत असेल, पण रोजचं जे होतं ते धान्य. कुत्र्याच्या वाट्यालाही तेच आलं असणार.

कुत्रं मुळात लांडग्याच्या जातीचं, मग त्याला धान्य कसं पचतं, असं कुणीही विचारील. याचं उत्तर २०१३ साली मिळालं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लांडगे आणि कुत्री यांची रक्तातली घडण ताडून पाहिली. पिठूळ पदार्थ फोडायला जो पाचकरस लागतो, त्याचं जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असतं. कुत्र्यात त्याच जनुकाच्या चार ते तीस प्रती सापडल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगता जगता कुत्र्याचं पोटच भाकरीचं झालं. म्हणून 'कुत्रं म्हणजे मांस खाणारं, त्याला भाकरी घालणं हा अन्याय' असं जे आता शहरातून ऐकू येतं, ते निम्मंच खरं आहे. त्याला मांस हवंच असतं, पण नीट शिजलेलं धान्यही त्याचंच अन्न आहे.

आणि हे अन्न मोजून द्यायचं असतं, हेही जुन्या लोकांना माहीत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या प्रकरणात कुणाला किती शिधा द्यायचा याची यादी आहे. माणसं, हत्ती, घोडे, बैल यांच्याबरोबर कुत्र्याचाही शिधा लिहिला आहे. त्याला एक प्रस्थ भात. हंस, क्रौंच आणि मोर यांना त्याच्या निम्मा. राजाच्या कोठारात कुत्र्याच्या नावावर धान्य टाकलेलं होतं, आणि तेही ठरलेल्या मापानं, हे वाचून मला फार बरं वाटलं. उरलंसुरलं फेकायचं, ही त्यातली रीत नाही.

आमच्या भागात कुत्र्याचा हा वाटा खंडोबानं राखला. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी असा देवाला नैवेद्य होतो, तळी भरली जाते, आणि त्यातला घास कुत्र्याला जातो, कारण कुत्रं हे खंडोबाचं. नामदेवांची गोष्ट तर कीर्तनात शंभरदा ऐकली असेल. कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, की देवा, कोरडी खाऊ नकोस. लोक मान डोलवायचे. माझी आजी मात्र हसायची. म्हणायची, "नामदेवाचं कुत्रं देव व्हतं, त्याला तूप पचलं. आपल्या काळूला नगं घालू बाबा."

कुत्र्याला तूप पचत नाही, असं आपल्याकडं म्हणतातच. माणसाला टोमणा मारायला ते वापरतात. पण ज्या कुणी ते पहिल्यांदा म्हटलं त्यानं कुत्रं नीट पाहिलेलं होतं. निरोगी कुत्र्याला थोडं तूप काही करत नाही. पण पोट नाजूक झालेल्या कुत्र्याला तेल-तूप, चरबी सगळ्यात आधी बाधते.

आजीच्या हातचं कुत्र्याचं खाणं कसं होतं ते सांगतो. सकाळी भाकरी थापून झाल्या की शेवटी काठवटीतलं खरवडून, चाळणीतला कोंडा मिसळून एक जाड भाकरी व्हायची. तिला 'कुत्र्याची भाकरी' असंच नाव होतं. ज्वारीची, पावसाळ्यात बाजरीची. ती निवली की चुरून मातीच्या परळात ताकात कालवायची. मीठ नाही, मिरची नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. कधी हुलग्याच्या माडग्याचा तळ, कधी कण्या. मटण वर्षातून चार-पाच वेळा, जत्रेला, आखाडात. तेव्हा त्याला हाडं मिळायची. दूध मिळायचंच नाही, कारण ते आम्हालाच मिळत नव्हतं. दही लावून ताक व्हायचं आणि लोणी कढवून तूप. ताक मात्र रोज घागरभर. शेजारणी तांब्या घेऊन यायच्या, कुणी ताक विकत नसे.

आमच्या रानात खतासाठी दर साली मेंढ्या बसवायला धनगर यायचे. त्यांची कुत्री दिवसभर कळपाबरोबर पाच-सहा कोस चालायची आणि रात्रभर वाघुरीभोवती जागायची. त्यांनाही तेच, बाजरीची भाकरी. फक्त ती मेंढीच्या दुधात किंवा ताकात कुस्करलेली. पण अंग असं, की पोटाला चरबी नाही आणि पाठीचं हाड वर आलेलं नाही.

आता कुत्र्याचं पोट बिघडलं तर आजी काय करायची? पहिल्या दिवशी उपास, फक्त पाणी. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या कण्या अगदी मऊ शिजवून, त्यात पातळ ताक, पळीनं मोजून, दिवसातून तीन-चार वेळा. पुढं सात-आठ दिवस तेच. तेवढ्या दिवसांत कुणी पोरानं त्याला दुसरं काही टाकलं तर तिचा हात उठायचा. "एकच घास, एकच येळ," असं ती म्हणायची. बिबव्याचा डाग देणारे, राख चारणारेही गावात होते. त्यांच्या उपायानं कुत्रं फक्त घर सोडून पळायचं. आजीच्या उपायानं बहुतेक वेळा बरं व्हायचं. याचं कारण आता कळतं. शिजलेलं मऊ धान्य, कमी चरबी, थोडं थोडं आणि रोज तेच. ताकात दुधापेक्षा दूधसाखर कमी असते, म्हणून मोठ्या कुत्र्याला दूध जिथं बाधतं तिथं ताक बरेचदा पचून जातं. आजचा डॉक्टर कुत्र्याच्या पोटाला आराम द्यायला याच वाटेनं जातो. फक्त लांब उपास आता करू देत नाहीत, आणि पिल्लाला तर मुळीच नाही.

ही घडी पहिल्यांदा विस्कटली १९७२ च्या दुष्काळात. मी तेव्हा शाळकरी पोर. कणग्या रिकाम्या झाल्या. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. मिलोची भाकरी माणसाच्याही घशाखाली उतरत नसे. कुत्र्याच्या भाकरीचा तर प्रश्नच मिटला. चाळणीतला कोंडाही माणसांनीच खाल्ला. त्या साली मेलेल्या गुरांचे ढीग पडले होते, आणि कुत्र्यांनी त्यावर दिवस काढले. दुष्काळ सरला, पण कुत्र्यासाठी वेगळी भाकरी थापायची रीत बऱ्याच घरांत परत आलीच नाही. एकदा मोडलेली सवय ती मोडलीच.

दुसरा धक्का दुष्काळाचा नव्हता, सुबत्तेचा होता. घोड धरणाचं पाणी कालव्यानं रानात आलं. ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. उसाच्या पैशानं संकरित गाई आल्या आणि गावोगाव डेअऱ्या निघाल्या. सकाळ-संध्याकाळ दूध किटलीतून डेअरीवर जाऊ लागलं. त्यानं घराला रोकड दिली, पोरांच्या फिया भरल्या, हे मी कधी नाकारणार नाही. पण घरातलं ताक त्याच किटलीतून गेलं. रवी खुंटीला लागली ती लागलीच. भाकरीची जागा चपातीनं घेतली, चपातीला तेल लागलं, भाजीवर तेलाचा तवंग आला. कुत्र्याच्या भांड्यात चपातीचे तुकडे आणि तिखट रस्सा पडू लागला.

मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फाट्यावर ब्रॉयलर कोंबडीची दुकानं झाली. कातडं, चरबी, आतडी, पंखांची टोकं, सगळं दुकानामागं टाकलेलं. कुत्र्यांना वर्षाची जत्रा रोजच लाभली. शाळेतल्या पोरांच्या खिशात पाच रुपयांचा बिस्किटपुडा आला, त्यातलं निम्मं कुत्र्याला. लग्नं मंगल कार्यालयात होऊ लागली, त्यांचं उरलेलं गुलाबजाम-पनीर उकिरड्यावर. कुत्रं उपाशी राहिलं नाही. पण सोमवारी आतडी, मंगळवारी बिस्किटं, बुधवारी रस्सा, गुरुवारी काहीच नाही, शुक्रवारी लग्न, असा त्याचा आठवडा झाला. आजीचं 'एकच घास, एकच येळ' उलटं टांगलं गेलं. पोटाच्या जुनाट दुखण्यांची सुरुवात आमच्याकडं इथून झाली, असं माझं मत आहे.

याच सुमारास शहरातून पाकिटबंद खाणंही आलं. माझा मुलगा पुण्याहून पिशवी घेऊन आला तेव्हा मी तिच्यावरची सगळी अक्षरं वाचून काढली, आणि मग हे खाणं मुळात आलं कुठून याच्या मागं लागलो. त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसानं कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. बंदरात खलाशांनी फेकलेली जहाजावरची कडक बिस्किटं कुत्री खाताना पाहून त्याला ते सुचलं, असं सांगतात. गहू, भाजीपाला, बीट आणि वाळवलेलं मांस घालून त्यानं ती बनवली. म्हणजे तिथंही सुरुवात धान्यापासूनच झाली. १९२२ साली अमेरिकेत घोड्याच्या मांसाचं डबाबंद खाणं निघालं. दुसऱ्या महायुद्धात पत्रा मिळेना, तेव्हा डबे मागं पडले आणि कोरडं खाणं पुढं आलं. १९५७ साली नाश्त्याच्या फुगवलेल्या धान्यासारखे दाणे यंत्रातून काढून कुत्र्यासाठी विकू लागले. आज पिशवीत मिळतात ते तेच दाणे.

पण मला महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाचा एक अंध माणूस होता. कुत्र्याच्या साथीनं अंधांनी स्वतंत्रपणे फिरावं, ही चळवळ त्यानं तिथं रुजवली. १९३९ साली त्याच्या बडी नावाच्या वाटाड्या कुत्र्याची किडनी निकामी होऊ लागली. तो डॉक्टर मार्क मॉरिस यांच्याकडं गेला. डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीऐवजी खाणंच बदललं. किडनीवर भार पडणार नाही असं अन्न घरी शिजवलं, आणि डॉक्टरांची पत्नी ते काचेच्या बरण्यांत भरून द्यायची. बरण्या पाठवताना फुटायच्या, म्हणून पुढं १९४८ साली एका कारखान्याकडून ते डब्यात भरून घेतलं. आज पोटाच्या, किडनीच्या, यकृताच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जे खास खाणं मिळतं त्याचा उगम हा आहे. सुरुवात स्वयंपाकघरातच झाली होती, हे मला आजीच्या परळाच्या जवळचं वाटतं.

आता आमच्या घरच्या दोन कुत्र्यांबद्दल सांगतो. दोघांचीही तक्रार वरून पाहता एकच होती आणि आतून अगदी वेगळी.

पहिली राणी. गावठी, तांबूस रंगाची, शेळ्यांच्या गोठ्यापुढं झोपणारी. आमच्या तालुक्यात उसामुळं बिबटे वाढलेत. शेजारच्या नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून गोठ्यापुढचं कुत्रं धडधाकट लागतं. ते भुंकलं तर शेळी वाचते. आजारी पडलं तर आधी तेच जातं. राणी तीन महिने हगवणीनं हैराण होती. दिवसातून सहा-सात वेळा, थोडं थोडं, आव पडलेलं, कधी रक्ताचा थेंब. बरगड्या मोजता यायला लागल्या. मुलगा वैतागून म्हणाला, "आबा, नगर रोडच्या एखाद्या ढाब्यावर सोडून येतो. तिथं खायला तरी मिळेल." असं करतात लोक. ढाब्यामागं जी रोडावलेली कुत्री दिसतात त्यातली बरीचशी अशीच कुणाच्या तरी दारातली असतात. सून मध्ये पडली. म्हणाली, "मामा, माझ्या शेळ्या तिनं राखल्यात. आधी डॉक्टरला दाखवू, मग काय ते ठरवा."

डॉक्टरांनी आधी शेण तपासलं, जंत नाहीत ना ते पाहिलं, तरीही जंताचं औषध दिलं. मग औषधाची चिठ्ठी लिहायच्या आधी त्यांनी विचारलं, "आठवडाभरात हिनं काय काय खाल्लं ते सगळं सांगा." सून सांगत गेली, ते लिहीत गेले. तेवीस पदार्थ झाले. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवड्यांच्या वर चाललेली हगवण ही जुनाट. जंत आणि संसर्ग नसेल, तर अशा कुत्र्यांतली निम्म्याहून जास्त नुसतं खाणं बदलून सुधारतात. पण खाणं बदलायचं म्हणजे एकच खाणं द्यायचं. तिनं आजवर कधी खाल्लं नाही असं मांस आणि एक धान्य. बाकी जिभेलाही लागता कामा नये."

कोंबडी, अंडी, मटण तिनं खाल्लेलं. मासा नव्हता. धरणातला चिलापी आमच्याकडं स्वस्त मिळतो. सुनेनं तो उकडून, काटा न् काटा काढून, रेशनच्या तांदळाच्या मऊ भातात कालवायला सुरुवात केली. मीठ-तेल काही नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापानं, दिवसातून तीन वेळा. राणीला परड्यात बंद ठेवलं. शाळेच्या वाटेवर जाऊन पोरांना सांगितलं, चिकनवाल्याला सांगितलं, आणि शेजारच्या म्हातारीला तर चार वेळा सांगितलं, कारण ती मायेनं चहात बुडवलेली खारी घालायची. कालनिर्णयच्या चौकोनात सून रोज खूण करायची. पातळ असेल तर फुली, घट्ट असेल तर टिंब. पहिला आठवडा फुल्यांचाच होता. नवव्या-दहाव्या दिवसापासून टिंबं दिसू लागली. तिसऱ्या आठवड्यात सगळी टिंबं. तिला एकही महागडं इंजेक्शन लागलं नाही.

पुढचं काम जास्त चिकाटीचं होतं. नुसता मासा-भात जन्मभर घातला तर चुना आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून डॉक्टरांनी वरून पूड दिली. दोन महिन्यांनी एकेक जुना पदार्थ परत आणून पाहिला, एका वेळी एकच, आठ-दहा दिवस. ज्वारीची भाकरी चालली. ताक चाललं. चपातीनंही काही बिघडलं नाही. कोंबडीचं कातडं एकदाच घातलं आणि तिसऱ्या दिवशी चौकोनात फुली आली. थांबवलं, पुन्हा टिंब. दुखणं कशानं येतं ते कळलं. आज राणीला ज्वारीची भाकरी, ताक आणि आठवड्यातून चार वेळा मासा मिळतो, आणि ती गोठ्यापुढं झोपते.

दुसरा शेरू. मुलानं हौसेनं आणलेला अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड. दीड वर्षाचा होईपर्यंत छान वाढला, मग खायचा दुप्पट आणि झिजायचा चौपट. दिवसभर हावरा, स्वतःची विष्ठासुद्धा खायला जायचा. शेण भरपूर, फिकट पिवळं, तेलकट, वास असा की जवळ उभं राहवत नसे. गावात कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पिशवीतल्या खाण्यानं झालं. राणीचा अनुभव होता म्हणून सुनेनं त्यालाही मासा-भात सुरू केला. कालनिर्णयवर पंधरा दिवस फुल्याच. तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. स्वादुपिंडातून पाचकरसच येत नव्हता. या जातीत हा दोष जास्त आढळतो. अन्न आत जायचं आणि न फुटता तसंच बाहेर यायचं. घर भरून खाऊनही ते कुत्रं उपाशी होतं.

इथं आजीचा उपाय चालत नाही. पाचकरसाची पूड दर जेवणात कालवावी लागते, तीही जन्मभर. बाराव्या ब जीवनसत्त्वाची सुया घ्याव्या लागल्या, कारण अशा कुत्र्यात ते कमी पडतं. पूड मिळत नसे तेव्हाच्या काळात डॉक्टर खाटकाकडून आणलेलं कच्चं स्वादुपिंड बारीक करून अन्नात घालायला सांगत. पूड सुरू केली तसा शेरू दोन-तीन महिन्यांत अंगानं भरला. खर्च आहे, नाही असं नाही. मुलानं तो दुधाच्या पगारातून बाजूला काढला. तूप न पचणारं कुत्रं म्हणजे काय, हे त्यानं आम्हाला समोर दाखवलं.

या दोघांवरून आमच्या घरात जी रीत बसली ती सांगून टाकतो, कुणाच्या उपयोगी पडली तर पडेल. खाणं अचानक बदलायचं नाही. आठ दिवसांत जुनं थोडं थोडं कमी आणि नवं थोडं थोडं जास्त करायचं. वेळ ठरलेली, माप ठरलेलं. शिजलेली हाडं नाहीत, ती टोकदार फुटतात आणि आतड्यात अडकतात. कांदा-लसूण नाही, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून चंपाषष्ठीला आमच्याकडं कुत्र्याचा घास आता भरीत न लावता नुसत्या भाकरीचा काढतात, खंडोबा रागावलेला नाही. द्राक्षं आणि बेदाणे नाहीत, त्यानं किडनी जाऊ शकते. पिशवीतलं खाणं द्यायचं तर तेच एक, त्यावर रस्सा ओतायचा नाही. आणि आव-रक्त, डांबरासारखं काळं शेण, सारखी उलटी, झपाट्यानं उतरणारं वजन, किंवा पिल्लाची हगवण असेल तर घरचा उपाय एक दिवसही करत बसायचं नाही, डॉक्टरकडं जायचं.

जुनं सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. शेरू माझ्या आजीच्या काळात जन्मला असता तर दोन वर्षांत मेला असता, आणि आजीनंच नशिबाला बोल लावला असता. त्या काळी रेबीजच्या लशीचंही गावात कुणाला माहीत नव्हतं. पण तिच्या काळात कुत्र्याचं खाणं हे घरच्या बाईचं रोजचं, ठरलेलं काम होतं. कौटिल्याच्या कोठारात ते मापानं लिहिलेलं होतं, आजीच्या काठवटीत ते शेवटच्या गोळ्यात होतं, मॉरिस डॉक्टरांच्या घरी ते बरणीत होतं. मधल्या पन्नास वर्षांत आमच्या गावात ते कुणाचंच काम राहिलं नाही. उकिरड्यावर, दुकानामागं, पोरांच्या खिशात गेलं. कुत्र्याला खायला देणारे हात वाढले, आणि त्याला काय दिलं हे सांगू शकेल असं एकही माणूस घरात उरलं नाही. डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांना देता येत नाही, ते यामुळं.

गेल्या दोन वर्षांत आमच्या आळीतल्या सहा घरांनी पोटाच्या तक्रारीच्या कुत्र्यांसाठी फुल्या-टिंबं सुरू केली आहेत. त्यातली चार कुत्री सुधारली. एकात गाठ निघाली, ते गेलं. एकाची तपासणी अजून चालू आहे. सून आता सकाळी ज्वारीची एक जाड भाकरी शेवटी थापते, कोंडा मिसळून, मीठ न घालता. नातवानं परवा तिला विचारलं, ही कुणाची? ती म्हणाली, "कुत्र्याची."